आधी शब्द, मग कारण

संसर्गरोग विभाग, वॉर्ड सहा
४ ऑगस्ट, बुद्ध संवत २५४२

प्रिय पी-कोब,

सप्रेम नमस्कार. तू बरा असशील, मेकाँगचं पाणी तुझ्या ओसरीपर्यंत आलं नसेल आणि तुझ्या त्या सीमेवरच्या इवल्याशा हॉस्पिटलात निदान सापाच्या विषावरचं इंजेक्शन तरी वेळेवर पोहोचत असेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. वजन वाढलंय. आई अधूनमधून विचारते, कोबचं लग्न ठरलं का. मी म्हणते, आईबापांनी ज्याचं नाव बेडूक ठेवलं त्याचं लग्न पावसाळ्यातच व्हायचं, वाट बघ.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. मागच्या खेपेला तुझ्या नर्सनं सांगितलं, "डॉक्टर विहिरीवर गेलेत." हॉस्पिटलात विहीर आहे का रे तुझ्या? आणि असली तर डॉक्टर तिथे काय करतो, पाणी शेंदतो?

बातम्या सांगते. माझी फेलोशिप जूनमध्ये संपली. परीक्षा पास झाले आणि आपले गुरू नि विभागप्रमुख आचान थावोर्न यांनी मला इथेच ठेवून घेतलं. म्हणजे कालपर्यंत ज्या खुर्चीमागे उभं राहून शिव्या खायच्या, तिच्या शेजारच्या खुर्चीत आता मी बसते. शिव्या तेवढ्याच मिळतात, पण बसून. यंदा वान नावाची एकच नवी फेलो आली आहे. हुशार आहे, मला मोठ्या बहिणीसारखं पी-जुम म्हणते, पण डोळ्यांत पाणी चटकन येतं. फोन आता तिच्या गळ्यात असतो. पहिल्या दिवशी आचाननी तो तिच्या गळ्यात अडकवला आणि आपल्याला ऐकवलं होतं तेच शब्दन् शब्द तिला ऐकवलं: "या हॉस्पिटलात कुणालाही कुलपातलं अँटिबायोटिक हवं असलं तर तो आधी तुला फोन करील. सर्जन असो नाहीतर खुद्द डीन. तुझ्या 'हो'शिवाय फार्मसीचं कुलूप उघडणार नाही. तू आधी शब्द बोलायचा. हो किंवा नाही. मग कारण. जो आधी कारण द्यायला लागतो, तो विरघळतो."

बाटचा भाव कोसळल्यापासून ते औषध बाहेरून जेमतेमच येतं, हे तुला सांगायला नको. एकाला दिलं की दुसऱ्याला नाही. तू गेलास तेव्हा होतं त्याहून आता कमी आहे.

आता खरी बातमी. आचान आजारी आहेत. पित्तनळीचा कॅन्सर. यकृतात पसरलाय, कापायच्या पलीकडे गेलाय. अंग हळदीसारखं पिवळं पडलंय. ज्या माणसानं अख्ख्या ईसान प्रांतात 'मासा शिजवून खा' अशी पोस्टरं लावली, यकृतातले किडे बरणीत घालून शाळाशाळांतून दाखवले, तो दर लग्नाला गावी जाऊन कच्च्या माशाचं 'कोय' हाणत होता. वर लिंबू पिळून! मी विचारलं, "आचान, लिंबानं किडे मरत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला नापास करून शिकवलंत ना?" तर म्हणाले, "माझ्या आईच्या हातच्या कोयमध्ये मरतात असं मी धरून चाललो होतो." आणि हसले. मला हसू आलं नाही.

ते आपल्याच वॉर्डात आहेत, खिडकीपाशी. खासगी खोली नको म्हणाले. पा मालिवान नवऱ्याच्या उशाशी बसून असते. आपल्याला दर शुक्रवारी चिकट भात आणि भाजलेली कोंबडी पाठवणारी ही काकू आता स्वतः काही खात नाही.

परवा राउंड संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तो बेडूक कुठे असतो?" मी सांगितलं. "जागा दोन होत्या. मी एकच भरली," ते म्हणाले. "अर्ज ढीगभर आले. सगळे मूर्ख होते. महिनाअखेरपर्यंत ती जागा मोकळी ठेवणार आहे. त्याला कळव." एवढंच बोलून भिंतीकडे तोंड केलं.

मी कळवलं. पुढचं तुझं तू ठरव. गेल्या पावसाळ्यात जे झालं ते मी विसरलेले नाही. तुला मंदिरात सांभाळून ज्यांनी शाळेत घातलं, ते म्हातारे भिक्खू आपल्याकडे आले ते मेंदू गेलेल्या अवस्थेतच. त्यांचा भाचा फोनवर रडला, आणि तू 'हो' म्हणालास. कुलूप उघडलं. भिक्खू जायचे ते गेलेच. त्याच आठवड्यात भातलावणीतला तो पोरगा आला, मातीच्या तापानं फुफ्फुसं भरलेला. आणि आचाननी तुला सगळ्यांसमोर सांगितलं, "जा, त्याच्या आईला सांग औषध का नाही ते. तू दिलंस, तूच सांगायचं." तू गेलास, सांगितलंस, आणि तिथूनच परस्पर बस पकडलीस. तुझा पांढरा कोट अजून माझ्या कपाटात आहे. धुऊन ठेवलाय.

माणूस पिवळा पडलाय, कोब. जमलं तर ये. आणि लवकर ये, कारण तापाचे झटके आता सारखे येताहेत.

तुझी,
जुम

*

१३ ऑगस्ट २५४२

जुम, बाळे,

नमस्कार. मी बरा आहे. नदी ओसरीपर्यंत आली होती, चार पायऱ्या चढली आणि माझं तोंड बघून परत गेली. विहीर आहे. तिच्यात पंप पडलाय आणि तो काढायला डॉक्टरच लागतो, कारण इथे डॉक्टर म्हणजे जे बिघडलं ते बघणारा माणूस. परवा सरपंचाच्या म्हशीला टाके घातले. ती आभार मानायला आली नाही, पण तुमच्या त्या आचानपेक्षा वागायला बरी होती.

तुझं पत्र नर्सनी उघडून आधी वाचलं, मग मला दिलं. आता सगळ्या मला 'लग्नाळू बेडूक' म्हणतात. त्याचं पाप तुला लागो.

मी येणार नाही.

म्हातारा जिवंत आहे तोवर त्या वॉर्डची पायरी चढणार नाही. तो गेल्यावर येईन. चितेवर सगळ्यांसारखं चंदनाचं फूलही ठेवीन, ते नीट पेटलंय ना एवढं बघेन, आणि मग तुझ्याबरोबर बाजारात जाऊन पोटभर कोय खाईन. त्याला तेवढं सांग.

त्या आईचं तू लिहिलंस. तू तेव्हा दाराबाहेर होतीस, तुला माहीत नाही. मी तिला सांगितलं, "आई, औषध होतं. मी ते दुसऱ्याला दिलं." मला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. तिनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, मोठं मन आहे तुमचं." तिच्या नखांत शेतातला चिखल होता. म्हाताऱ्याला मला हेच शिकवायचं होतं का? मग शिकलो. पण ते म्हातारे भिक्खू, माझे लुआंग-फो, पुन्हा तसे समोर आले तर मी पुन्हा 'हो'च म्हणेन. त्यांनी मला स्वतःच्या भिक्षापात्रातला भात भरवलाय. ज्याच्या घशाखाली तसा भात गेलेला नाही त्यानं मला नियम शिकवू नयेत.

तू मोठी नियमाची पुतळी. मला एक सांग. फोन तुझ्या हातात असेल आणि पलीकडे म्हातारा असेल, तर? त्याला कुलपातलं औषध हवं असेल, तर? तू लोण्यासारखी विरघळशील, जुम. माझ्याआधी विरघळशील. राउंडला त्यानं "बरं" म्हटलं तरी दिवसभर तुझे कान लाल असायचे, ते मी बघायचो.

आता दुसरं. हे लिहायला मला जड जातंय म्हणून शेवटी ठेवलं. ती जागा मला हवी आहे.

खोटं कशाला बोलू. इथे लावणी सुरू झाली की लोक माझ्याकडे तापानं फणफणून येतात आणि मी अंदाजानं औषध घालतो. मला अर्धं येतं. काहीच न येणारा डॉक्टर रुग्णाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. अर्धं येणारा ठेवून घेतो. गेल्या महिन्यात मी दोघांना ठेवून घेतलं. दोघेही गेले. मला उरलेलं अर्धं शिकायचंय. शिकून इथेच परत येईन, शहरात दवाखाना थाटणार नाही. पण म्हाताऱ्याच्या हाताखाली नाही. तो गेल्यावर.

तू आता खुर्चीत बसतेस. पुढे कोण प्रमुख होईल त्याला तुझाच शब्द लागणार. म्हणून तुला विचारतो: घेशील मला?

उत्तर त्याच्याच पद्धतीनं दे. आधी शब्द लिही, मग कारण. पहिल्या ओळीत शब्द नसला तर पुढचं वाचणार नाही, सरळ म्हशीला घालीन.

तुझा,
कोब

*

संसर्गरोग विभाग, वॉर्ड सहा
२९ ऑगस्ट २५४२

प्रिय पी-कोब,

नमस्कार. पहिल्या ओळीत शब्द नाही, घाल म्हशीला. पण मला माहीत आहे तू वाचशील.

आज मी उलट करणार आहे. आधी कारण, मग शब्द. आचान काल गेले. चुकलं की टेबलावर बोट आपटणारं आता कुणी नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्ट धरला की राउंड त्यांच्या खाटेपाशी घ्यायचा, आणि केस म्हणून त्यांनाच मांडायचं. डीन नको म्हणाले, पा मालिवान नको म्हणाली. त्यांनी कुणाचं ऐकलंय कधी? वाननं कागदावरून वाचायला सुरुवात केली. "एकसष्ट वर्षांचे पुरुष," ती म्हणाली. लगेच बोट आपटलं. "पुरुष म्हणू नकोस. यकृत म्हण. तुझ्यासमोर यकृत आहे." मग विचारलं, "हा रुग्ण किती दिवस काढील?"

"आचान, म्हणजे, जर नळी घालून पित्त काढता आलं तर..."

"आधी शब्द!"

"थोडे," वान म्हणाली आणि रडायला लागली.

"रड. पण रडताना बोलता आलं पाहिजे. रक्तात जंतू आहेत, साध्या औषधांना दाद देत नाहीत. कुलपातलं द्यायचं की नाही?"

"द्यायचं," वान म्हणाली. काय म्हणणार ती? उशाशी पा मालिवान बसली होती.

"नापास," आचान म्हणाले. "पित्त अडलंय, नळी बसत नाही, खाली कॅन्सर. औषध घालून तू दोन दिवस विकत घेशील आणि ते कुणाचे तरी चोरून घेशील." मग माझ्याकडे वळले. "तू?"

"नाही," मी म्हणाले.

"ही पास," ते म्हणाले. आणि कोब, माझे कान लाल झाले. तू ओळखलंस ते बरोबर होतं. माझे कान लाल झाले, आणि पा मालिवाननं माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

त्याच सुमाराला बारा नंबरला एक बाई आली. लावणी करता करता पडलेली, साखरेचा आजार, मातीचे जंतू फुफ्फुसांत आणि प्लीहेत. नेहमीचं औषध चालू होतं तरी रोज खाली जात होती. फार्मसीत तिच्यापुरतं होतं. तिच्यापुरतंच.

मग आचानना पुन्हा थंडी वाजून ताप भरला. सर्जननं वानला फोन केला. हा सर्जन म्हणजे आचानचा शाळेतला मित्र, एका पानात जेवणारे दोघं. वान दोन्ही हातांनी फोन धरून माझ्या खोलीत आली. "पी-जुम, मला जमणार नाही. काढून टाका मला, पण हे मला जमणार नाही." मी फोन घेतला.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, त्यानं तुला घडवलंय!"

"हो. म्हणून नाही."

त्यानं मला जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. औषध बारा नंबरला गेलं. संध्याकाळी पा मालिवान माझ्या दाराशी आली. शुक्रवार होता. तिनं डबा टेबलावर ठेवला, चिकट भात आणि कोंबडी, आणि गेली. मी तो भात खाल्ला, कोब. सगळा खाल्ला. तू भिक्षापात्रातल्या भाताचं लिहिलं होतंस ना, म्हणून सांगते.

आता जे मला सांगायचं नव्हतं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं गोळा करायच्या वेळी, आचाननी मला बोलावलं आणि पा मालिवानला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर घालवलं. ओठ सुकले होते, पण शुद्ध स्वच्छ होती. मला वाटलं बारा नंबरचं विचारतील.

"जुम," ते म्हणाले, "थोडं दे ना."

मला आधी कळलंच नाही. मी पाण्याचा पेला उचलला. त्यांनी मान हलवली.

"ते. कुलपातलं. एका दिवसापुरतं."

ज्या माणसानं तुला त्या आईसमोर उभं केलं, तो माझ्याकडे मागत होता. आवाज बारीक करून, वॉर्डातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पोरगं दुकानात उधारीवर गोळी मागतं तसं.

"नाही," मी म्हणाले.

"कारण?" हे सवयीनं आलं असणार.

मी कारण दिलं. पित्त अडलंय, नळी बसत नाही, खाली कॅन्सर. बारा नंबरचा डोस मोडावा लागेल. त्यांचेच शब्द, त्यांच्याच क्रमानं.

"ते पुस्तकातलं झालं," ते म्हणाले. "मला बरं नाही व्हायचं. कोब यायचाय. सीमेवरून यायला एक दिवस लागतो. तेवढाच दे. तू त्याला लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"मग येईल तो. रागीट आहे, पण येईल."

तुझं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. मी खोटं बोलू शकले असते. 'वाटेत आहे' म्हटलं असतं तर ते त्याच आशेवर गेले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी पत्र काढलं आणि वाचलं. म्हशीचं वाचलं, तेव्हा हसले. मग 'तो गेल्यावर येईन' वाचलं. चंदनाचं फूल वाचलं, ते नीट पेटलंय ना एवढं बघेन, तेही वाचलं. बाजारात कोय खाईन, तेही. तूच लिहिलं होतंस ना, त्याला तेवढं सांग म्हणून? सांगितलं.

त्यांनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "आईनं हात जोडले ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"अक्षर अजून तसंच घाण आहे का त्याचं?"

"तसंच आहे."

"कोब असता तर दिलं असतं," ते म्हणाले. "मला शिव्या घालत, पण दिलं असतं."

"म्हणूनच तर तुम्ही त्याला काढलंत, आचान."

"मी कुठे काढलं? तो गेला. मी वाटच बघत होतो." मग त्यांनी माझा हात धरला. कधी धरला नव्हता. चटका बसेल इतका गरम होता. "त्याला परत घे. नव्या प्रमुखाला सांग. हा हुकूम नाही, जुम. मागतोय मी."

इतक्या दिवसांत मी त्यांना शब्दाशिवाय कधी ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं. पा मालिवान पाणी घेऊन आली, आणि मी हात सोडवून घेतला.

नंतर ते बरळायला लागले. काल सकाळी गेले. देह अॅनॅटॉमीला द्यायचा, पोरांनी माझ्यावर शिकावं, असं त्यांनी कधीचं सांगून ठेवलं होतं. मीच फोन केला. पलीकडचा म्हणाला, "नाही. संसर्ग असलेला देह आम्ही घेत नाही." तोही आधी शब्द बोलला, मग कारण. आता मंदिरात भिक्खूंचं पठण चालू आहे. दहन येत्या रविवारी आहे. तुझी फुलाची सोय होईल.

बारा नंबरचंही विचारशील. ती सुधारत होती. ताप उतरला, जेवायला लागली, वॉर्डातल्या सुपात आंबवलेल्या माशाचं पाडेक नाही म्हणून नर्सशी भांडायला लागली. परवा नवरा आला आणि तिला सही करून घेऊन गेला. अजून निम्मं खाचर लावायचं होतं आणि माणूस मिळत नव्हता. मी फाटकापर्यंत मागे गेले. औषध मध्येच तोडलंस तर मरशील, असं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "लावणी झाली की येते, डॉक्टर." ती आता कुठल्या खाचरात आहे मला माहीत नाही. म्हणजे आचानचा तो एक दिवस कुणाच्याच उपयोगी पडला नाही. तरी माझं 'नाही' बरोबर होतं. शब्द त्या दिवशी जे माहीत असतं त्यावर द्यायचा असतो. हे मी वानला रोज सांगते. स्वतःला दिवसातून कितीदा सांगते ते विचारू नकोस.

आता तुझा प्रश्न.

नव्या प्रमुखांनी मला आजच विचारलं. आचानची इच्छा त्यांच्याही कानावर गेली आहे. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." आणि तू मागतोस ते रास्त आहे. सीमेवर माणसं मरताहेत, तुला अर्धं येतं, उरलेलं शिकून तू तिथेच परत जाणार. त्यातलं एकही अक्षर मला खोटं वाटत नाही. निवड मंडळासमोर एखादं पुस्तकातलं कारण मी देऊ शकते. हा माणूस फोनवर विरघळतो, आणि पुन्हा विरघळेन असं त्यानं लिहून दिलंय. ते कारण चालेल, कुणी उलट विचारणार नाही.

पण तुला खरं कारण देते. तेवढं मी तुझं देणं लागते. इथे प्रत्येक फोन मी बरोबर उचलला. त्यांनी जे जे शिकवलं ते हाडात मुरवलं, आणि शेवटी ते त्यांच्यावरच वापरलं. तसं करणारी त्यांना एकच मिळाली, मी. मला त्यातून काय मिळालं? 'पास'. आणि ज्यानं नियम मोडला, कोट टाकून पळाला, मरणाऱ्या माणसाकडे यायला नकार दिला, त्याच्यासाठी त्यांनी जागा राखून ठेवली, त्याच्यासाठी माझा हात धरला, एक दिवस भीक म्हणून मागितला. माझ्यासाठी नाही मागितला, कोब. मी तर समोरच उभी होते.

त्या खिडकीपाशी तू रोज उभा राहणार, वान तुझ्या विनोदांना हसणार, पा मालिवान शुक्रवारी दोन डबे पाठवणार आणि त्यातला भरलेला तुझा असणार. हे मला बघायचं नाही. याला मत्सर म्हणतात. मला तो शब्द येतो.

तुझ्या माणसांना मी वाऱ्यावर सोडणार नाही. तापानं फणफणलेला कुणी आला तर ठेवून घेऊ नकोस, फोन कर. पण आधी तुझं नाव सांगत बसू नकोस. वय सांग, ताप किती, शेतात उतरला होता का, साखर आहे का ते सांग. मी नावं ऐकत नाही. औषध असेल आणि बसत असेल तर 'हो' म्हणेन, नसेल तर 'नाही', आणि तुला कारणही नीट सांगेन. तुझ्या उरलेल्या अर्ध्याचं शिक्षण आता तेवढंच.

तुझा कोट या पत्राबरोबर पाठवते आहे. इस्त्री केली आहे. खाली सही जुम म्हणून नाही, कागदोपत्रीच्या पुऱ्या नावानं करते आहे.

शब्द: नाही.

डॉ. सुथिदा फोन्गसाई
संसर्गरोग विभाग